रहस्यकथांच्या कपाटापाशी



वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण सवय जात नाही. अजूनही संध्याकाळी तासभर जाते, देवघेवीच्या टेबलाशी बसते. नवीन मुलगा नोंदी करतो आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलते.

आमचं वाचनालय ‘ब’ वर्गाचं. कपाटं मोजकीच आहेत. त्यातलं सर्वांत जास्त उघडझाप झालेलं, बिजागऱ्या खिळखिळ्या झालेलं कपाट म्हणजे रहस्यकथांचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर आमच्या वडिलांची पिढी वाढली. मग गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास, फिरोझ इराणी आणि दारा बुलंद आले. कापूस विकायला आलेला शेतकरी बाजार उरकला की एक पुस्तक घेऊन जायचा आणि पुढच्या बाजाराला ते परत आणून द्यायचा. पानांना कधी हळदीचा डाग असे, कधी बिडीचा वास. मला त्याचा कधी राग आला नाही. पुस्तक वाचलं गेलं, हीच त्याची खूण.

आज मी याच कपाटाबद्दल बोलणार आहे. या कपाटात जे नाही, त्याबद्दल म्हणा हवं तर.

आमच्याकडे एक मुलगी पुस्तकं न्यायला येते. पोलीस खात्यात शिपाई आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे आणि तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला रहस्यकथांचं वेड. आठवड्याला दोन पुस्तकं ठरलेली. मागच्या पावसाळ्यात मात्र ती महिना-दीड महिना फिरकलीच नाही. मग एका संध्याकाळी आली. डोळ्यांखाली काळं आलेलं, पुस्तक पिशवीत गुंडाळलेलं.

“काकू, लेट झालं जी. दंड लावा,” म्हणाली.

मी म्हटलं, “दंड राहू दे. होतीस कुठं?”

“मर्डर होता. तपासात होती.” मग हातातलं पुस्तक टेबलावर ठेवत हसली. “पुस्तकातला हेर चहा पेते अन् खुनी सांगून देते. आमची त पंचनाम्यातच रात्र जाते.”

त्या प्रकरणाबद्दल तिनं एक अक्षर सांगितलं नाही, आणि सांगायचंही नसतं. पण खुनाचा तपास म्हणजे नेमकं काय, हे तिच्याकडून हळूहळू कळत गेलं. कथांमध्ये प्रेत सापडतं आणि दुसऱ्या पानावर हेर कामाला लागतो. प्रत्यक्षात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, तिला आपण ‘मर्ग’ म्हणतो. मग मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा, पंच शोधणं, त्यांना थांबवून धरणं. शवविच्छेदन होतं, व्हिसेरा नागपूरच्या प्रयोगशाळेकडे जातो. खुनाचं कलम लागलं, म्हणजे पूर्वीचं 302 आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 103, की घड्याळ सुरू होतं. आरोपी कोठडीत असेल तर 90 दिवसांच्या आत दोषारोपपत्र न्यायालयात गेलं पाहिजे. नाही गेलं, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हे नव्वद दिवस तपासपथकातल्या प्रत्येकाच्या मानेवर बसलेले असतात.

शिवाय आपला जिल्हा 1975 पासून दारूबंदीचा. त्यामुळे खुनाचा तपास चालू आहे म्हणून मोहाचा सडवा नष्ट करायला जाणं थांबत नाही. सणाचा बंदोबस्त टळत नाही.

अशा तपासात बाई पोलिसाचं काम काय? मला वाटायचं, बायकांना अटक करायची तेवढंच. कायद्यानं स्त्रीला सूर्यास्तानंतर एरवी अटक करता येत नाही, अपवादासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती अटक स्त्री अधिकाऱ्यानंच करायची, हे ठाऊक होतं. पण तिनं सांगितलेलं काम वेगळंच होतं. साक्षीदार बाई असेल तर तिला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा, असा कायदा आहे. म्हणजे ही मुलगी घरोघरी जाते. मेलेल्याची आई, बायको, भावजय, शेजारीण, सगळ्यांच्या चुलीपाशी बसते. पुरुष अधिकारी ओसरीवर खुर्चीत बसून विचारतो तेव्हा बायका “आम्हाले काय माहीत” म्हणतात. हीच बाई तांदूळ निवडता निवडता हिच्याशी बोलते. कोण कोणाकडे जात होतं, कोणाचं कोणाशी जमत नव्हतं, कोण रात्री उशिरा येत होतं. घराघरांतली गुपितं हिच्यापाशी येऊन पडतात.

हे सांगून झाल्यावर ती जरा वेळ गप्प बसली. वाचनालयात आम्ही दोघीच होतो, बाहेर पाऊस. मग म्हणाली, “काकू, दिवसभर लोकायची गुपितं उघडाची अन् घरी आलं की आपलं झाकाचं. थकून जातो जी माणूस.”

तिची एक मैत्रीण आहे. वर्ध्याला नोकरी करते. ओळख बसमध्ये झालेली, त्याला चार महिने झाले होते. ‘मैत्रीण’ हा शब्द तिनं ज्या तऱ्हेनं उच्चारला, त्यावरून मला कळलं. मी काही बोलले नाही, ती बोलत राहिली. नवं नवं प्रेम, त्यात हा तपास. वर्ध्याच्या बसस्टँडवर ती दुसरी मुलगी एका रविवारी दोन तास वाट पाहत बसली, आणि इकडे हिला ऐन वेळी एका जबाबासाठी खेड्यावर जावं लागलं. फोन करायलाही उसंत नाही. सोबतचे शिपाई रजा मागतात. कोणी लिहितो ‘पत्नी आजारी’, कोणी लिहितो ‘मुलगी पाहावयास जाणे आहे’. साहेब हसतात, सही करतात. “मी अर्जात काय लिहू?” ती म्हणाली.

आणि मग तिनं विचारलं, “काकू, अशी एखादी गोष्ट आहे का तुमच्याकडे? पोलीस असलेली. बाईवर जीव असलेली. अन् जिच्यात ती शेवटी मरत नाही?”

श्रोतेहो, सव्वीस वर्षांत मला कोणी काही मागितलं आणि मी ते काढून दिलं नाही, असं फार थोड्या वेळा झालं. त्या दिवशी मी खुर्चीतून उठलेच नाही. उठून जायला कपाटच नव्हतं.

बाई हेर असणं ही काही अद्भुत कल्पना नाही. महाराष्ट्रातच रजनी पंडित यांनी खासगी गुप्तहेर म्हणून कितीतरी वर्षं काम केलं. एका खुनाच्या प्रकरणात संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून त्या काही महिने राहिल्या, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. म्हणजे बाई तपास करते हे आपल्याला पटतं. ती मोलकरीण होते, वेषांतर करते, हे वाचायला आपल्याला आवडतं. पण तिचं मन कोणावर बसलं आहे, आणि ते माणूस बाई असेल तर, इथं आपली कथा अडते.

मराठीत असा विषय आलाच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगभूमीवर आलं. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. एका कॉलेजच्या मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम आणि तिचा एकटेपणा त्या काळात इतक्या धिटाईनं मांडणं सोपं नव्हतं. मी त्या नाटकाला मानते. पण ते पुस्तक कपाटातून काढून मी तिच्या हातात ठेवू शकले नाही, कारण मित्रा शेवटी जीव देते. आणि हिनं आधीच अट घातली होती.

त्या रात्री घरी मला झोप लागेना. आपल्या कथा-नाटकांत अशी बाई आली की ती बहुधा मरण्यासाठीच येते किंवा वेडी होण्यासाठी. ती स्वतःच एक ‘प्रकरण’ असते. लोक तिचा तपास करतात. ती दुसऱ्या कुणाचा तपास करते आहे, तिच्याकडे काम आहे, नव्वद दिवसांची मुदत आहे, आणि संध्याकाळी घरी जाऊन तिला कुणाला तरी “जेवलीस का?” असं विचारायचं आहे, हे चित्र आपण रंगवलेलंच नाही.

माझी भाची पुण्यात असते. तिला फोन केला. तिनं दोन इंग्रजी पुस्तकं पाठवली. माझं इंग्रजी बेताचं, शेजारी शब्दकोश घेऊन वाचली.

पहिलं पुस्तक कॅथरीन फॉरेस्ट या अमेरिकन लेखिकेचं, 1984 सालचं, ‘अमॅच्युअर सिटी’. त्यातली केट डेलाफिल्ड ही लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात खुनांचा तपास करणारी अधिकारी. पूर्वी सैन्यात होती. जिच्याबरोबर ती कितीतरी वर्षं राहत होती ती बाई मोटार अपघातात गेली आहे आणि ते दुःख तिला कामाच्या ठिकाणी कोणापाशी बोलता येत नाही. सहकाऱ्याची बायको गेली असती तर सगळं ठाणं दारात गेलं असतं. हिच्या दारात कोणी नाही, कारण कोणाला माहीतच नाही. एका उंच इमारतीतल्या कार्यालयात खून होतो, केट तपासाला जाते, आणि एका साक्षीदार बाईशी बोलताना तिच्या गोठलेल्या मनात काहीतरी हलतं. पण ती साक्षीदार आहे आणि ही तपास अधिकारी. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पुढे 1987 साली आलेल्या त्याच मालिकेतल्या एका कादंबरीत, समलिंगी स्त्रिया जिथं जमतात अशा एका मद्यगृहाबाहेर एका तरुणीचा खून होतो. तिथल्या बायका पोलिसांवर विश्वास ठेवायला तयार नाहीत. केट मात्र त्यांच्यातलीच आहे. ओसरीवर खुर्चीत बसलेला साहेब आणि चुलीपाशी बसलेली बाई, हाच तो फरक. वाचताना मला आमची मुलगी आठवली.

दुसरं पुस्तक व्हॅल मॅकडर्मिड यांचं, ‘रिपोर्ट फॉर मर्डर’, हेही 1987 चंच. लेखिका स्कॉटलंडच्या आणि आधी पत्रकार. त्यांची नायिका लिंडसे गॉर्डनही पत्रकार. मुलींच्या एका खासगी शाळेत निधी जमवायला कार्यक्रम आहे, त्याची बातमी करायला ती जाते. तिथं सेलो वाजवणाऱ्या एका प्रसिद्ध बाईंचा खून होतो. पोलीस पकडतात लिंडसेच्याच मैत्रिणीला, त्या शाळेतल्या शिक्षिकेला. मग खरा खुनी शोधायचं काम लिंडसेवर येतं आणि तिच्याबरोबर असते तिथंच नव्यानं ओळख झालेली लेखिका, कॉर्डेलिया ब्राउन. दोघी मिळून तपास करतात आणि तपास करता करता एकमेकींत गुंततात.

मला या पुस्तकात एक गोष्ट फार आवडली. तपास करणाऱ्यानं सगळ्यांवर संशय घ्यायचा असतो. प्रेम करणाऱ्यानं विश्वास टाकायचा असतो. एकाच माणसाला एकाच आठवड्यात ही दोन्ही कामं करावी लागली तर त्याची काय ओढाताण होईल? पुरुष हेरांना हा प्रश्न पडत नाही असं नाही. पण जिला तिचं प्रेमही लपवायचं आहे, तिच्यावर तर उलटा संशय घेणारेच चारी बाजूंना असतात. म्हणून तिचं प्रेम कथेत तोंडी लावायला येत नाही. ते त्या तपासाच्या बरोबरीनं चालतं.

आणि मुख्य म्हणजे, श्रोतेहो, लिंडसे मरत नाही. ती सहा कादंबऱ्यांत येते. सहावी 2003 साली आली.

तुम्ही म्हणाल, ही परदेशातली गोष्ट, आपल्याकडे असं कुठं असतं? तर मला फार लांब जायचं नाही. आपला वर्धा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशातच होता. सेवाग्राम स्टेशनवरून भोपाळला रात्रीच्या गाडीनं सहज जाता येतं. त्या भोपाळची गोष्ट आहे. लीला नामदेव आणि ऊर्मिला श्रीवास्तव या तिथल्या सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपाई. 1987 च्या अखेरीस त्यांनी एकमेकींशी लग्न केलं. 1988 मध्ये ही बातमी फुटली, देशभरच्या वृत्तपत्रांत त्यांचे फोटो छापून आले, आणि दोघींना नोकरीवरून काढून टाकण्यात आलं. त्यांनी लाच घेतली नव्हती. कोठडीतल्या कुणाला मारलं नव्हतं. एकमेकींचा हात धरला होता.

मला आठवतं, ती बातमी तेव्हा मीही वाचली होती. चहा पिता पिता वाचली आणि पान उलटलं. त्या दोघींच्या अंगावर खाकी वर्दी होती, ती वर्दी मिळवायला त्या धावल्या असतील, गोळाफेक केली असेल, परीक्षा दिली असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आज आमच्या मुलीकडे पाहताना येतं.

त्यानंतर कायदा बराच पुढे आला. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमाचा तो भाग रद्द केला, ज्यामुळे सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध गुन्हा ठरत होता. 2024 साली आलेल्या नव्या संहितेत ते कलमच नाही. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात न्यायालयानं तो प्रश्न संसदेवर सोपवला.

पण आमची मुलगी मला म्हणाली, दोन मुलींच्या बाबतीत 377 कलम तसंही फारसं कामाला येत नव्हतंच. काम वेगळ्याच कागदानं होतं. मुलगी घरून निघून गेली की आईवडील ठाण्यात ‘बेपत्ता’ची तक्रार देतात, किंवा दुसरीवर पळवून नेल्याचा आरोप करतात. मग पोलीस शोधायला निघतात. मोबाइलचं ठिकाण काढतात, बस आणि रेल्वे स्टेशनं धुंडाळतात. खुनी शोधायला जी हत्यारं वापरायची, तीच दोन सज्ञान मुली शोधायला. सापडल्या की समजूत घालून घरच्यांच्या हवाली.

तमिळनाडूत 2021 साली असंच एक प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे आलं. मदुराईच्या दोन तरुणी चेन्नईला निघून गेल्या होत्या, घरच्यांनी तक्रारी दिल्या होत्या आणि पोलीस मागे लागले होते. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकालात एक गोष्ट मोकळेपणानं मान्य केली. हा विषय आपल्यालाही नीट समजत नव्हता, म्हणून आपण आधी मानसशास्त्रज्ञांकडे बसून तो समजून घेतला. न्यायाधीशानं असं म्हणावं, हे मला फार मोठं वाटतं. त्यांच्या आदेशांनंतर 2022 साली तमिळनाडूनं पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच बदल केला. अशा व्यक्तींना आणि त्यांना मदत करणाऱ्यांना पोलिसांनी त्रास देता कामा नये, असं त्यात लिहिलं. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सगळ्या न्यायालयांना बजावलं की, अशी सज्ञान मुलगी समोर आली तर तिचं म्हणणं घरच्यांच्या दबावाखाली न ठेवता ऐका, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन बदलायचा प्रयत्न करू नका.

वर्ध्याचाही या गोष्टीशी एक संबंध आहे. खुनाच्या तपासात शवविच्छेदनाचं महत्त्व मी मघाशी सांगितलं. आपल्या सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली स्थापन केलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या न्यायवैद्यकशास्त्र विभागातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 साली एक अहवाल तयार केला. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत बायकांची वैद्यकीय तपासणी किती चुकीच्या आणि अपमानास्पद पद्धतीनं होते, ते त्यांनी त्यात दाखवून दिलं. त्याच्या आधारे नागपूर खंडपीठात याचिका झाली. पुढे 2013 साली सर्वोच्च न्यायालयानंच ती ‘दोन बोटांची’ चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी ठरवली. म्हणजे पुस्तकात चुकीचं लिहिलं की तपासणाराचे डोळेही चुकीचं पाहतात, हे आपल्या जिल्ह्यातून बोललं गेलं.

तरीही 2024 च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं न्यायवैद्यकशास्त्राचा जो अभ्यासक्रम काढला, त्यात स्त्रियांचे समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त घातले होते. ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. मागे घेतला, हे चांगलं झालं. पण कोर्टानं सहा वर्षांपूर्वी निकाल दिल्यावरही कोणीतरी ते वाक्य पुन्हा लिहिलं होतं. उद्याचे डॉक्टर आणि उद्याचे पोलीस जे वाचून तयार होतात, त्यात प्रेम हे गुन्ह्याच्या प्रकरणात छापलेलं असेल, तर दोष एकट्या हवालदाराला कसा द्यायचा?

आणि आता मला माझंही एक सांगायचं आहे. न सांगता हे भाषण संपवलं तर ते लबाडीचं होईल.

1990 नंतरची गोष्ट. आमच्या वाचनकक्षात कॉलेजच्या दोन मुली रोज यायच्या. खिडकीपाशी बसायच्या. एकीनं नेलेलं पुस्तक परत आलं की दुसरी नेणार. थंडीत दोघींत एक शाल. मला त्यांचं कौतुक होतं. एक दिवस त्यातल्या एकीची आई आली. हळदीकुंकवाच्या ओळखीची बाई. म्हणाली, “माझी पोरगी तुमच्याकडे कोणासोबत बसते? किती वेळ?” मी सगळं सांगितलं. वेळ, खिडकी, शाल. एवढंच नाही, देवघेवीचं रजिस्टर उघडून कुठलं पुस्तक कोणानंतर कोणी नेलं, हेही दाखवलं. तेव्हा मला अगदी झुंजारसारखं वाटलं असेल. पुरावा कसा बिनतोड होता!

त्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न झालं. दुसरी काही दिवस एकटी येऊन त्याच खिडकीपाशी बसायची. मग तीही यायची थांबली. पुढे कितीतरी वर्षांनी पहिली मला बाजारात भेटली. वाकून नमस्कार केला. “काकू, बऱ्या आहात?” म्हणाली. एवढंच. तिनं मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

मी आयुष्यात एकच तपास केला, श्रोतेहो, आणि त्यात गुन्हाच नव्हता.

त्या इंग्रजी पुस्तकांचं मग मी काय केलं ते सांगते. आमच्या मुलीला इंग्रजी कादंबरी वाचणं जड जातं. म्हणून तीन संध्याकाळी, ड्यूटी संपवून ती आली की, टेबलाच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, अशी मी तिला लिंडसे गॉर्डनची गोष्ट मराठीतून सांगितली. ती मधून मधून चुका काढायची. “असा पंचनामा नसतो, काकू.” “साक्षीदाराले असं कोणी विचारते का?” आणि जिथं लिंडसे आणि कॉर्डेलिया एकमेकींजवळ येतात, तिथं ती गप्प बसून ऐकायची. गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं, “मंग पुढच्या पुस्तकातही येते का ती?” मी म्हटलं, “येते.” तिनं मान हलवली, जणू एखाद्या जबाबावर सही व्हावी तशी.

आपल्या लेखक-लेखिकांना माझी एक विनंती आहे. वऱ्हाडी बोलणारी, मोहाचा सडवा ओतून आलेली, मर्गाचे कागद लिहिणारी एक बाई तुमच्या रहस्यकथेत येऊ द्या. तिला खुनी शोधू द्या. वर्ध्याच्या बसस्टँडवर तिची कोणीतरी वाट पाहत असू द्या. त्यावर फार मोठं भाष्य करू नका. गोष्ट चांगली रंगवा, बाकीचं वाचक करून घेतील. आमच्या गावचे वाचक अर्नाळकरांवर पोसलेले आहेत, त्यांना काय पचतं आणि काय नाही, ते त्यांच्यावर सोडा.

आणि आईवडिलांना एवढंच सांगेन की, मुलगी कोणाबरोबर बसते हे जाणून घ्यायचं असेल तर तिलाच विचारा. ग्रंथपालाला विचारू नका.

त्या खुनाचं दोषारोपपत्र मुदतीच्या आत न्यायालयात गेलं. ते सांगायला ती मुद्दाम आली होती. साहेबांनी पथकातल्या सगळ्यांना दोन-दोन दिवसांची रजा दिली. मी विचारलं, “मग अर्जात लिहिलंस काय?”

“घरगुती काम,” ती म्हणाली. “खोटं नाही न, काकू?”

मी म्हटलं, “नाही. अगदी खरं आहे.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)